केशवाच्या अर्जातील दुसरे कलम

केशवा, काल तुझ्या शोकसभेत तुझ्या आजोबांची फार स्तुती झाली.

अश्वशाळेच्या ओसरीत सतरंजी अंथरली होती. तुझी तसबीर कोणी कधी काढलीच नव्हती. म्हणून ज्या बाकावर बसून तू घोड्यांच्या जखमांच्या नोंदी लिहीत असस, त्या बाकावरच हार ठेवला होता. अंमलदार उभे राहिले. त्यांनी तुझ्या नावाची फाईल उघडली आणि तीतून वाचून दाखविले, की कै. केशवराव यांचे आजोबा महाराजांच्या घोडदळात तीस वर्षे होते, मांडीवर तीन वार झेलून त्यांनी आपला घोडा रणातून परत आणला, आणि अशा रक्तातच असा निष्ठावंत कारकून निपजतो. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

ते आजोबा तुझे नव्हते, माझे होते. तुझ्या अर्जाच्या दुसऱ्या कलमात ते मीच घातले होते.

हे सर्व खोटे आहे, हे त्या ओसरीत माझ्याखेरीज आणखी एकाच माणसाला ठाऊक होते, आणि ते माणूस खांबामागे बायकांच्या रांगेत बसले होते. अंमलदार पुढे वाचू लागले, "त्यांच्या दुर्दैवाने मातोश्री त्यांच्या बालपणीच निवर्तल्या," तेव्हा तान्हाक्कांनी पदर सावरला. सभा उठल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. ज्या बाईने मोठ्या दुष्काळात तुला बन्नूरच्या वाटेवरून उचलून आणले, शेळीच्या दुधात भिजवलेला बोळा तोंडात धरून जगविले, आणि लष्कर मोहल्ल्यात आपल्या नालबंद नवऱ्याच्या भात्याशेजारी उबेला झोपविले, ती बाई मला हळूच विचारते, "अण्णा, ते साहेब म्हणाले आई मेली. हौदा? खरं का ते? मी हितंच बसले हुते की रे."

सबंध मैसुरातले लोक ज्याच्याकडे शब्द मागायला येतात, तो मी तिला एवढेच म्हणालो, "अक्का, घरी चला." आणि मला राग आला. प्रथम त्या अंमलदारांचा आला; मग त्यांच्या फाईलीचा; मग, घरी येईपर्यंत, तुझा.

होय, तुझा. तू मला वेळीच शिव्या दिल्या असत्यास तर आज ही वेळ आली नसती.

कचेरीच्या पायऱ्यांशी डाव्या हाताचे बाक माझे, हे या शहरात कोणासही सांगावे लागत नाही. अर्ज लिहून देण्याचा परवाना माझ्या नावाचा आहे. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण मी लोकांच्या तक्रारींवर घेतले. घरची भाषा मराठी, अर्जाची कन्नड, आणि इंग्रजी इतपत की सरकारने नाही म्हटले तर ते कोणत्या ओळीत म्हटले, तेथे बोट ठेवून दाखवावे. अशा माणसाकडे तू पहिल्यांदा आलास तो अर्जासाठी नव्हे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तू साहाय्यक होतास, हातात टोपली होती, आणि तू म्हणालास, "अण्णा, तुमचे अक्षर बारीक आणि स्वच्छ आहे असे ऐकले. अंड्यांवर दिवस लिहायचा आहे."

"अंड्यांवर?" मी विचारले. "मी परवानाधारक अर्जनवीस आहे."

"म्हणूनच आलो. आणि एक सोय आहे. काना-मात्रा चुकली तरी कोंबडी अर्ज परत पाठवीत नाही."

असले बोलणे मी दुसऱ्या कोणाचे ऐकून घेतले नसते. तुझे का ऐकले, याचा अजून उलगडा होत नाही. त्या रविवारी तुझ्या परसात बन्नूरहून आलेली सहा अंडी माझ्यापुढे ठेवलीस. मी घरची हिरडा-हिराकशीची शाई काढली आणि रीतीप्रमाणे प्रत्येक अंड्यावर श्री घातला, खाली मास, पक्ष, तिथी, वार, मालकाचे नाव व मोहल्ला. निम्मे अंडे काळे झाले. चौथ्या दिवशी तू ती फोडलीस तर आत एकाही जीवात धुगधुगी नव्हती. तू कवचाचा तुकडा उजेडात धरून म्हणालास, "अण्णा, कवच श्वास घेते. तुम्ही बिचाऱ्यांचे नाक बंद केलेत."

"श्रीने कोणाचे वाईट होत नाही."

"श्रीने नाही हो, शाईने. उद्यापासून शिसपेन्सिल, आणि फक्त आकडा."

मी आकडाच लिहू लागलो. कोपऱ्यात तांदळाएवढा श्री मात्र पेन्सिलीने घालीत असे. तू तो पाहत होतास आणि कधी पुसला नाहीस. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ते येथे मानतो.

मग तू मला दाखवू लागलास. सकाळचे ऊन खिडकीतून तुझ्या जुन्या, एका डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकावर पडे, आणि पिल्लाच्या पाठीचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप त्याखाली असे. चांदीच्या क्षारात बुडविल्यामुळे सगळे सोनेरी दिसे आणि मज्जातंतू तेवढे काळे. तू म्हणालास, दुसऱ्या दिवशी पाठीवर नुसता एक पन्हळ असतो. त्याचे दोन्ही काठ वर येतात, एकमेकांना भेटतात आणि नळी होते. हीच पुढे मेंदू आणि पाठीचा कणा भरून राहणारी मज्जा. नळीच्या भिंतीतल्या पेशी प्रथम एकसारख्या. कोणती कोण, हे सांगता येत नाही. आतल्या काठाशी त्या एकीच्या दोन होतात, मग बाहेरच्या बाजूस सरकतात, आणि जेथे थांबतात तेथे त्यांना रूप येते. पोटाच्या बाजूस थांबली तिच्यातून एक लांब धागा निघून स्नायूकडे जातो. ती हुकूम पोचविणारी. पाठीच्या बाजूस थांबली ती बातमी घेणारी.

"म्हणजे एक जमादार आणि एक टपालवाला," मी म्हणालो.

"हो. पण आठवड्यापूर्वी दोघे एकाच पाळण्यात होते, आणि पाळण्यावर कोणी पाटी लावली नव्हती. मग एकाला जमादार कोणी केले?"

यावर आपले भांडण जुंपले, ते तुझ्या मरणाने थांबले. मिटले नाही.

मी म्हटले, कुळाने. कोंबडीच्या अंड्यातून कावळा निघत नाही. जे ज्याच्या रक्तात आहे ते तो होतो. माझ्या धंद्याचा पाया हाच आहे. तू हसलास. "अण्णा, कोंबडी होणार हे कुळाने ठरले, मान्य. पण त्या एका कोंबडीतल्या सगळ्या पेशींचे कुळ एकच. सगळ्या त्याच एका थेंबाच्या लेकी. मग एक डोळा का होते आणि दुसरी पाय का हलवते? एकाच कुळातून दोन निकाल आले, तर निकाल कुळाने दिला असे कसे म्हणता?"

मग तू परदेशच्या एका नियतकालिकात वाचलेले सांगितलेस. कोणी बेडकाच्या कोवळ्या पिल्लाच्या डोळ्याचा उगवता अंकुर काढून अंगावरच्या भलत्याच कातडीखाली ठेवला, तर त्या कातडीने, जिचा डोळ्याशी काही संबंध नव्हता तिने, डोळ्याचे भिंग तयार केले. "शेजार, अण्णा! तिला शेजाऱ्याने सांगितले. मज्जापेशीलाही कोणी शेजारीच सांगत असेल, तू अमुक जागी आहेस, तू अमुक हो. कोण सांगतो आणि काय सांगतो, ते अजून कोणाला माहीत नाही."

 वादात हरत चाललेला माणूस जे करतो ते मी केले. म्हणालो, "तुला कुळ नाही, म्हणून तू कुळाविरुद्ध बोलतोस."

तान्हाक्का चुलीपाशी रागीचे मुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, वळत होत्या. त्यांचा हात थांबला. तू भिंग पुसत राहिलास आणि शांतपणे म्हणालास, "असेल, अण्णा. पण त्या पेशीला हे ठाऊक नाही. ती तरीही तसेच करते."

तुझ्या जागी मी असतो तर त्या माणसाला पुन्हा उंबरा ओलांडू दिला नसता. तू दुसऱ्या दिवशी अंडी घेऊन माझ्या बाकाशी आलास आणि म्हणालास, "अण्णा, आज सात आहेत." याला काय म्हणावे? याला क्षमा म्हणतात असे लोक सांगतील. मला ती त्या वेळी उधळपट्टी वाटली आणि आजही वाटते.

आता त्या अर्जाकडे येतो. कॉलेजात नवा, उत्तम सूक्ष्मदर्शक आला होता आणि मखमली खोळ घालून कपाटात बंद होता. पाहुणे आले की खोळ निघे, पाहुणे गेले की चढे. तुला एकच गोष्ट पाहायची होती. तू म्हणत असस, "एक घटका अशी असली पाहिजे की तिच्या आधी पेशी शेजाऱ्याचे ऐकते, आणि तिच्या नंतर ऐकत नाही. मग तिला कुठेही नेऊन ठेवा, जी झाली तीच राहते. पहिला धागा केव्हा फुटतो ते जुन्या भिंगात धूसर दिसते. मला ती घटका शोधायची आहे." त्यासाठी तो सूक्ष्मदर्शक रोज दोन तास वापरण्याची परवानगी हवी होती. मागणी एवढीच. तू स्वतः काढलेल्या चाळीस आकृत्या अर्जाला जोडायला दिल्यास.

मी अर्ज लिहायला बसलो. पहिल्या कलमात वंदन, ते झाले. दुसऱ्या कलमात अर्जदाराचे कुळ व पूर्वजांची सेवा. येथे माझी लेखणी अडली. दुसऱ्या कलमाशिवाय अर्ज म्हणजे मुंडक्याशिवाय धड. तो टेबलावर उभा राहत नाही, हे मी आयुष्यभर पाहत आलो होतो. 'वाटेवर सापडला' असे सरकारपुढे कोण लिहितो? म्हणून मी माझे आजोबा घेतले, घोड्यासकट, तीन वारांसकट, आणि तुझ्या मागे उभे केले. माझे आडनावही तुला लावले. पुढे कोणी आईबापांची चौकशी करू नये म्हणून दोघांनाही तुझ्या बालपणी मारून टाकले. तुझा बाप नालबंद तेव्हा खरोखरच वारला होता. पण तान्हाक्का त्याच वेळी मला ताक आणून देत होत्या. तू मोठ्या विश्वासाने न वाचता सही केलीस. आणि मी, केशवा, खरे सांगतो, त्या कलमावर खूष होतो. माझ्या हातून तसे कलम पूर्वी उतरले नव्हते.

दोन महिन्यांनी निकाल आला. वरिष्ठांनी दुसरे कलम वाचले होते आणि फक्त दुसरेच वाचले होते. घोडदळातील अशा शूराचा नातू अंड्यांच्या टरफलांत खितपत पडावा, हे सरकारास शोभत नाही. सबब अर्जदारास अश्वशाळेत कारकुनाची कायम जागा देण्यात येत आहे. सूक्ष्मदर्शकाविषयी एक अक्षर नव्हते. प्रयोगशाळेतले तुझे नाव त्याच दिवशी कमी झाले. घोडेस्वाराचा नातू म्हणून तुला घोड्यांपाशी नेऊन ठेवले!

अर्ज देणाऱ्याचे काय मागणे आहे हे न वाचता त्याचा आजा वाचणारे हे लोक! मी तेव्हा बाकावरून गरजलो होतो, तुला आठवत असेल. मी चौथ्या कलमात मागणी इतकी स्पष्ट लिहिली होती की आंधळ्यालाही चाचपून कळावी. तू माझे गरजणे ऐकून घेतलेस, मग तो कागद पुढे केलास आणि म्हणालास, "अण्णा, हे आजोबा कोण?"

मी सांगितले.

तू कागदाची घडी घातलीस. "चांगले होते हो," म्हणालास. "घोडा परत आणला म्हणजे चांगलेच असणार."

बस्स. तू वर जाऊन सांगितले असतेस, की हे कलम माझे नव्हे, अर्जनवीसाचे आहे, तर ती बदली रद्द झाली असती आणि माझा परवाना गेला असता. दोन्ही तुला ठाऊक होते. तू सहा वर्षे घोड्यांच्या खुरांच्या आणि जखमांच्या नोंदी लिहिल्यास. परसातल्या अंड्यांवर मी आकडे घालीत राहिलो, तू जुन्या भिंगातून पाहत राहिलास, आणि त्या कलमाचा विषय तू पुन्हा एकदाही काढला नाहीस. मी वाट पाहत होतो, केशवा. तू काढशील, भांडशील, मग मी माझी बाजू मांडीन, अशी सबंध तयारी करून ठेवली होती. तुझ्या गप्प बसण्यापुढे माझी ती सगळी तयारी वाया गेली. मैसुरातल्या सर्वांत बोलक्या माणसाला तू सहा वर्षे मुका ठेवलेस आणि मुका ठेवूनच निघून गेलास. मी याचा निषेध करतो.

आज सकाळी मी तुझ्या आकृत्या मागायला कचेरीत शिरस्तेदारांकडे गेलो. त्या चाळीस आकृत्या अजून तुझ्या अर्जाला टाचलेल्या आहेत. अर्जदार वारल्यावर मागणारा वारस आला नाही तर निकाली कागदांबरोबर महिनाअखेरीस रद्दीत जातात, हे मला धंद्यामुळे ठाऊक. शिरस्तेदारांनी फाईल उघडली, एक आकृती आडवी धरली, मग उभी धरली.

"काय स्वामी, हे काय? अळ्या?"

"कोंबडीच्या पिल्लाच्या पाठीचे छेद. आपण उलटे धरले आहेत."

"असू द्या. अरे, आडनाव तर तुमचेच! आजोबाही... तुम्ही सांगत असता तेच ना हे, तीन वारवाले? म्हणजे मयत तुमचा चुलतभाऊ. मग सुम्ने, उगीच, इतके आढेवेढे कशाला? इथे सही करा, घेऊन जा."

त्यांनी टाक माझ्या हातात दिला. एक सही, आणि आकृत्या सुखरूप. खोटे माझेच होते. त्याच्यावर माझा हक्कही शाबूत होता.

मी म्हणालो, "त्याची आई आहे."

"फाईलीत आई मेली आहे."

"फाईल चुकली आहे."

"कोणी लिहिली?"

मी टाक दौतीच्या काठावर निपटला. शिरस्तेदारांनी चष्मा काढला. माणूस वाईट नाही. माझ्या बाकाशेजारून रोज जातो. हळू आवाजात म्हणाला, "राव, विचार करून बोला. परवान्याचे नूतनीकरण याच महिन्यात आहे. आणि ही चिठोरी घेऊन ती म्हातारी काय करणार?"

हे खरे आहे. तान्हाक्कांना आकृत्यांतले काही कळत नाही. मलाही पाऊणच कळते. पण फाईलीवर सही करून मी त्या घरी नेल्या असत्या, तर सरकारी कागदावर तू कायमचा माझा चुलतभाऊ झाला असतास आणि ती बाई कायमची मेली असती. मी टाक खाली ठेवला. "नवा अर्ज आणतो," म्हणालो.

मी अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे माझी ती घटका केव्हाच टळून गेली असावी. आता मला कुठेही नेऊन ठेवा, मी जो झालो तोच राहणार. तू हे पिल्लांविषयी बोलत होतास, अर्जनवीसांविषयी नव्हे, हे मला समजते. तरी वाद आपला अपुरा राहिला आहे, आणि तुझ्या मागे तो चालवायला दुसरे कोणी नाही.

तेव्हा दुपारी तान्हाक्कांच्या ओसरीवर बसून अर्ज लिहिला. अर्जदार, तान्हाबाई, मयत केशव याची आई. पहिले कलम वंदनाचे. दुसरे कलम लिहायला मला सबंध दुपार लागली. मग मी ते त्यांना वाचून दाखविले:

"मयताचे कुळ अर्जनवीसास ठाऊक नाही. पूर्वीच्या अर्जातील कुळ अर्जनवीसाने मयताच्या नकळत स्वतःचे घातले होते. त्याचा दोष मयताकडे नाही. मयत दुष्काळात बन्नूरच्या वाटेवर सापडला, आणि लष्कर मोहल्ल्यात, नालबंदाच्या भात्याशेजारी, अर्जदाराच्या हातून केशव झाला. सबब त्याच्या आकृत्या त्याच्या आईस मिळाव्यात."

खाली अर्जनवीस म्हणून माझे पूर्ण नाव आणि परवान्याचा क्रमांक आहे. कोपऱ्यात श्री आहे, पेन्सिलीने.

तान्हाक्कांनी सगळे ऐकले. अंगठ्याला शाई लावून घेतली. मग अंगठा तसाच हवेत धरून म्हणाल्या, "अण्णा, शेळीचं ऱ्हायलं की."

"अक्का, सरकारी अर्जात शेळी चालत नाही."

"तिच्या दुधावर वाचला तो. ती नसती तर कुठला केशव? घाल."

मी पुन्हा टाक उचलला. भात्याशेजारी या शब्दानंतर खूण करून वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरांत लिहिले, 'शेळीच्या दुधावर'. मग त्यांनी अंगठा उठविला.

उद्या कचेरी उघडताच दाखल करतो. दुसऱ्या कलमात शेळी असलेला हा माझा पहिलाच अर्ज आहे, केशवा; कदाचित शेवटचाही.